चेंडू एक, खेळाडू दहा
बास्केटबॉलचा सराव कसा घ्यावा?

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन पाहावे. एका कोपऱ्यात बास्केटबॉलची रिंग असली, तर तिच्याखाली वीस-पंचवीस पोरे आणि चेंडू एकच, असे चित्र बहुधा दिसते. अंगापिंडाने थोराड असलेली चार मुले चेंडू आपसात ठेवतात. बाकीच्यांनी लांब गेलेला चेंडू आणून द्यायचा. मुली भिंतीलगत उभ्या. पंधरा दिवसांत निम्मी मुले येईनाशी होतात आणि आपण मोठी माणसे म्हणतो, "आपल्या पोरांना खेळाची गोडीच नाही!" गोडी असते. तिच्या वाट्याला चेंडू येत नाही, एवढेच.

वाचक बंधू-भगिनींनो, एक साधा हिशेब मांडू. बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. दोन्ही बाजूंचे मिळून मैदानात खेळाडू १०. सरळ भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला चेंडू येतो ४ मिनिटे. मग उरलेली ३६ मिनिटे खेळाडूने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच बास्केटबॉलची चढाई. वस्तीत मुले जमवून सराव घेणाऱ्या तरुणांनी आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे.

खेळाचा मूळ नियम

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना धसमुसळेपणा होतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी नियमच केला की चेंडू घेऊन पळायचे नाही, तो दुसऱ्याला द्यायचा. फळांच्या टोपल्या १० फूट उंचीवर टांगून खेळ सुरू झाला. रिंगची उंची आजही तेवढीच आहे. दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. म्हणजे हा खेळ मुलींचाही जवळजवळ पहिल्यापासूनच आहे.

गरिबाघरच्या मुलांना हा खेळ जमेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी मुंबईच्या नागपाड्याकडे पाहावे. या दाट, कष्टकरी वस्तीत १९२६ साली नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकार्याचे केंद्र सुरू झाले. याच परिसरात बास्केटबॉल रुजला. बच्चू खान या प्रशिक्षकांनी तिथल्या मुलांना घडवले. वस्तीतल्या मैदानाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. नागपाड्याचे अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. वस्तीत मैदान होते आणि रोज येणारा शिकवणारा होता, हे महत्त्वाचे.

सव्वा तासाचा सराव

आपल्याकडच्या काळ्या मातीत चेंडू उसळत नाही. मुरूम टाकून, पाणी मारून चोपलेली जागा असली तर उत्तम. नसेल तर ड्रिबल सिमेंटच्या ओट्यावर शिकवावे आणि मातीवर पासचा खेळ घ्यावा. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावरच सराव ठेवावा. पाण्याची घागर जवळ असावी.

पहिली १० मिनिटे धावणे, बाजूला सरकणे आणि शिट्टी वाजताच दोन्ही पायांवर थांबणे. थांबता न येणारा खेळाडूच चेंडू हातात घेऊन जास्त पावले टाकतो.

पुढची १५ मिनिटे पास. दोन रांगा समोरासमोर उभ्या कराव्यात. छातीपासून पास द्यायचा आणि धावत समोरच्या रांगेच्या मागे जाऊन उभे राहायचे. एका चेंडूवर आठ-दहा मुले हलती राहतात. टप्पा पास शिकवताना चेंडू आपल्यापासून दोन तृतीयांश अंतरावर आपटावा.

त्यानंतर १५ मिनिटे ड्रिबल. मुलाने चेंडू आपटत यावे आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकाने बोटे दाखवावीत. किती बोटे ते मुलाने मोठ्याने सांगावे. नजर चेंडूवरून उठते ती अशी.

नंतर १५ मिनिटे ले-अप. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजवे पाऊल, डावे पाऊल आणि उडी, हा ठेका आधी चेंडूशिवाय बसवावा. बोर्डावरच्या चौकटीचा वरचा कोपरा हे नेमके ठिकाण. एक रांग टाकणारी, दुसरी पडलेला चेंडू झेलणारी. दर वेळी रांग बदलावी.

शेवटची २० मिनिटे तीन विरुद्ध तीन, तेही ड्रिबल न करता. तिघांचाही हात लागल्याशिवाय बास्केट मोजायची नाही, असा नियम ठेवावा. मग थोराड मुलालाही लहानग्याला चेंडू द्यावाच लागतो, आणि लहानग्यालाही मोकळी जागा शोधावी लागते.

चढाईच्या तीन चाली

पहिली चाल : द्या आणि धावा. एक नंबरने दोन नंबरला पास द्यायचा आणि क्षणभरही न थांबता रिंगकडे मुसंडी मारायची. त्याला अडवणारा चेंडूकडे वळून पाहतो, तेवढ्यात चेंडू परत हातात येतो.

दुसरी चाल : पाठीमागची वाट. अडवणारा फारच पुढे येऊन पास तोडू पाहत असेल, तर चेंडूकडे एक पाऊल टाकून एकदम त्याच्या पाठीमागून रिंगकडे जायचे. इथे टप्पा पास चालतो.

तिसरी चाल : अडसर. दाराला अडसर लावतो तसे, ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला अडवणाऱ्याच्या वाटेत साथीदाराने स्थिर उभे राहायचे. चेंडूवाल्याने त्याच्या खांद्याला खांदा घासून पुढे जायचे. दोन्ही अडवणारे चेंडूमागे गेले, की अडसर लावणाऱ्याने वळून, हात वर करून रिंगकडे धावायचे. मात्र अडसर लावताना हलला तर फाऊल होतो.

तिन्ही चालींत एक गोष्ट समान आहे. खेळाडूंमध्ये चार-पाच मीटर अंतर हवे. सगळे चेंडूभोवती गोळा झाले तर धावायला वाटच उरत नाही.

एक रिंग पुरे

पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद लागते. ते नाही म्हणून रडत बसू नये. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियोच्या २०२० च्या, म्हणजे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याला १५ बाय ११ मीटर जागा आणि एकच रिंग लागते. सामना १० मिनिटांचा, किंवा आधी २१ गुण करणारा जिंकतो. संघात एक राखीव धरून चौघे, म्हणजे दोन संघांना आठ मुले पुरतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर लावावी आणि पाच नंबरचा लहान चेंडू घ्यावा. चेंडू पोहोचलाच नाही तर लहान मूल हिरमुसते.

सराव घेणाऱ्याने एक वही ठेवावी. आज कोण आले, कोण आले नाही, कोणाला किती वेळा चेंडू मिळाला, हे दोन ओळींत लिहावे. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जावे. मुलींची वेळ लवकर ठेवावी आणि त्यांच्या आईला मैदानावर बोलवावे. आपली लेक धावते, पास देते, ओरडून चेंडू मागते, हे आईने डोळ्यांनी पाहिले, की दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवणे जड जाते.

पालकांनीही एवढे करावे. मूल मैदानावरून आले की "किती बास्केट केल्या?" असे न विचारता "आज किती जणांना चेंडू दिलास?" असे विचारावे.