छतातून झिरपणारा सूर

1963 साली रायपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, त्या काळात बहुतेक घरांत रेडिओ एकच असायचा, तोही बैठकीत. स्वयंपाकघरात नाट्यगीत ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज वाढवला की बैठकीत बसलेल्यांना आपसात बोलणं कठीण व्हायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. एका मीटरवर जो आवाज असतो, तो आठ मीटरवर 18 डेसिबलने खाली येतो. घरात भिंती थोडा आवाज परत फिरवतात, पण बंद दार तोही अडवतं. जवळच्याच्या कानठळ्या बसतात आणि लांबच्याला ऐकू येत नाही, ही एकाच स्पीकरची खोड आहे.

छतातले स्पीकर ही खोड मोडतात. आज रायपूरच्या नव्या घरांत दिव्यांसाठी जिप्सम किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घेतात, तेव्हा त्यातच स्पीकर बसवता येतात. मोठा आवाज एका कोपऱ्यातून फेकण्याऐवजी लहान आवाज अनेक ठिकाणी वाटायचा, हे यामागचं सूत्र.

स्पीकर मोकळा टांगून मात्र चालत नाही. त्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जातल्या लांब लहरी कडेने वळतात, समोरची लहर मागच्या लहरीत मिसळते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. सुटा स्पीकर वाजवून पाहा, आवाज किरटा येतो. तोच पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर बसवा, तबल्याचा डग्गा लगेच ऐकू येतो. आजच्या स्पीकरचा पाया घालणारे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 सालीच या आडपडद्याचं महत्त्व मांडलं होतं. घरात तो आडपडदा म्हणजे सीलिंग. स्पीकरमागे बंद डबा बसवला, तर पोकळीत आवाज घुमत नाही आणि धूळ-पालींपासूनही बचाव होतो.

किती स्पीकर लागतील, याचं गणित सोपं आहे. सीलिंग 10 फुटांवर आणि बसलेल्या माणसाचा कान 4 फुटांवर धरला, तर मध्ये 6 फूट उरतात. स्पीकर 90 अंशांत आवाज पसरवत असेल, तर कानाच्या पातळीवर 12 फूट व्यासाचं वर्तुळ झाकलं जातं. लहान खोलीला एक पुरतो, लांबट बैठकीला दोन लागतात. साडेसहा इंची पडद्याचा वरच्या पट्टीतला आवाज मात्र टॉर्चच्या झोतासारखा सरळ खाली पडतो. म्हणून मध्यभागी छोटा ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीसाठीचा वेगळा लहान पडदा, असलेला स्पीकर घ्यावा.

डावा-उजवा स्टिरिओ एका जागी बसून ऐकणाऱ्यासाठी असतो. घरभर वावरणाऱ्याच्या वाट्याला कधी नुसती तान येईल, कधी नुसता तबला. म्हणून प्रत्येक स्पीकरमध्ये दोन्ही बाजू एकत्र करून द्याव्यात. शेजारच्या खोलीतला तोच सूर किंचित उशिरा आला तरी बिघडत नाही. साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज कान एकच समजतो, आणि तेवढ्या वेळात आवाज दहा मीटर जातो.

खरी चूक होते ती वायरिंगमध्ये. 8 ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरवर 2 ओहमचा भार येतो. बऱ्याच अँप्लिफायरना तो झेपत नाही, ते तापून बंद पडतात. शिवाय 8 ओहमच्या स्पीकरला 10 वॉट द्यायचे तर तारेतून 1.1 अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. सभागृहांत वापरतात त्या 100 व्होल्ट पद्धतीत प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर असतो आणि तेवढ्याच शक्तीला 0.1 अँपिअर पुरतो. त्यामुळे तार लांब असली तरी तिच्यात वाया जाणारी शक्ती नगण्य राहते. मोठ्या घराला हीच पद्धत बरी. मात्र 100 व्होल्टचा झटका बसू शकतो, तेव्हा हे काम जाणत्या वायरमनकडेच द्यावं आणि ही तार विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये.

उरला खोलीचा स्वभाव. वॉलेस सॅबिनने 1895 पासून हार्वर्ड विद्यापीठातल्या सभागृहावर प्रयोग करून आवाज घुमण्याचं सूत्र शोधलं. त्यानुसार 15 बाय 12 फुटांची, चकचकीत फरशीची रिकामी खोली दोन सेकंदांहून जास्त घुमते. त्यात सोफा, जाड पडदे, सतरंजी आली की तेच घुमणं अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं. महाग स्पीकर घेण्याआधी खिडकीला पडदे लावावेत, त्यांचा उपयोग जास्त होतो.

निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या नियमांत ती लिहिलेली आहे. कानाजवळचा लहान स्पीकर ही मर्यादा सहज पाळतो, कारण त्याला ओरडावं लागत नाही. घर बांधत असाल, तर स्लॅब टाकण्याआधी वायरमनला बोलवा, स्पीकरसाठी वेगळे पाइप टाकून घ्या आणि त्यांचा नकाशा जपून ठेवा. स्पीकर पुढे कधीही घेता येतील. टाकलेला स्लॅब मात्र पाइपांसाठी नंतर फोडता येत नाही.