रंगनियमांचा संघर्ष : 'टी-के' विजेटसंचाचे उदाहरण

संगणकाच्या पडद्यावरील एखादे बटण करडेच का दिसते, या प्रश्नाचे उत्तर एका नियमात सापडत नाही. त्यामागे अनेक नियम असतात आणि त्यांच्यात विरोध उत्पन्न झाल्यास कोणता बलवान मानावा, हे आणखी एका नियमाने ठरते. व्याकरणाच्या अभ्यासकास ही रचना अपरिचित वाटू नये. जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात निर्माण केलेला, आणि पायथन भाषेतील 'टीकिंटर'द्वारा आज विद्यार्थ्यांच्या हाती येणारा 'टी-के' हा विजेटसंच या दृष्टीने उद्बोधक आहे.

बटणाला एकच रंग असतो, हा समज प्रथम सोडावयास हवा. पार्श्वभूमीचा रंग निराळा, अक्षरांचा निराळा. दर्शक बटणावर आला असता पार्श्वभूमी कोणती असावी आणि बटण निष्क्रिय असता अक्षरे कशी दिसावीत, यांचीही स्वतंत्र नावे आहेत. केवळ पार्श्वभूमी निळी करून थांबणाऱ्यास लिनक्सवर दर्शक नेताच जुना करडा रंग पुन्हा दिसतो, तो यामुळेच.

हे रंग तीन मार्गांनी ठरतात. विजेट निर्माण करतानाच रंग सांगितला असेल, तर तोच अंतिम होय. तो सांगितला नसेल तर 'ऑप्शन डेटाबेस' या संग्रहात शोध घेतला जातो; तेथेही काही न आढळल्यास संचाचा मूळ रंग लागू होतो. संग्रहातील नोंदींना बलाचे अंक दिलेले आहेत : विजेटाची सामान्य योजना 20, कार्यक्रमाची आरंभ-फाइल 40, वापरणाऱ्याची स्वतःची पसंती 60 आणि कार्यक्रम चालू असताना केलेली नोंद 80. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. नोंद करताना बल न सांगितल्यास ते 80 धरले जाते. म्हणजे मंद दृष्टीच्या एखाद्या वाचकाने काळ्यावर पिवळी अक्षरे अशी योजना करून ठेवली असली, तरी कार्यक्रमकाराच्या एका निष्काळजी ओळीने ती निष्फळ होते. सुशोभनाचा हेतू एवढाच असेल, तर 20 हे बल स्पष्टपणे लिहिणे हाच योग्य मार्ग होय. नोंद विजेट निर्माण होण्यापूर्वी व्हावी, हेही ध्यानात ठेवावे. संग्रहाकडे निर्मितीच्या क्षणीच पाहिले जाते.

समान बलाच्या दोन नोंदींत नंतरची प्रभावी ठरते. तुल्यबल सूत्रांच्या विरोधात पाणिनीनेही परसूत्रासच प्राधान्य दिले आहे, हे साम्य मनोरंजक खरे. परंतु त्यावरून कोणताही ऐतिहासिक संबंध कल्पिण्याचे कारण नाही.

'टी-के'च्या 8.5 या आवृत्तीपासून (2007) 'टी-टी-के' हा नवा विजेटवर्ग संचात आला आणि व्यवस्था पालटली. या बटणास पार्श्वभूमीचा रंग थेट सांगू गेल्यास तो पर्याय अज्ञात असल्याची चूक दाखविली जाते. रंग आता 'स्टाइल'मध्ये राहतो. 'टी-बटन' ही मूळ शैली, 'धोका.टी-बटन' असे नाव दिल्यास नवी शैली सिद्ध होते आणि जे गुण तिला स्वतंत्रपणे दिलेले नाहीत, ते ती मूळ शैलीकडून घेते. समासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे नाव उत्तरपदप्रधान आहे : पूर्वपद विशेष सांगते, जाती उत्तरपदावरून कळते.

अवस्थेनुसार पालटणारे रंग मात्र 'मॅप' नावाच्या अनुक्रमाने दिले जातात, आणि तेथे न्याय उलटा आहे. जुळणारा पहिला नियम घेतला जातो, पुढचे पाहिलेच जात नाहीत. दाबलेले बटण सामान्यतः दर्शकाखालीही असते. म्हणून 'सक्रिय' हा सामान्य नियम आधी आणि 'दाबलेले' हा विशेष नियम मागाहून लिहिल्यास दाबल्याचा रंग कधीच दिसत नाही. अपवाद येथे उत्सर्गाच्या आधी मांडावा लागतो.

एवढे करूनही विंडोजच्या 'व्हिस्टा' किंवा मॅकच्या 'अ‍ॅक्वा' या थीममध्ये बटणाचा दर्शनी भाग रंगत नाही, कारण तो कार्यप्रणालीच रेखाटते. 'क्लॅम' या थीममध्ये तो रंगतो. नावांच्या अर्थाविषयीही सावध असावे. 'ग्रीन' या शब्दाने पूर्वी 255 तीव्रतेचा झगझगीत हिरवा समजला जाई, 8.6 या आवृत्तीत (2012) वेबवरील रूढीस अनुसरून त्याच नावाचा अर्थ 128 तीव्रतेचा गडद हिरवा असा झाला. जुन्या कार्यक्रमांतील शब्द तसाच राहिला, पडदा मात्र काळवंडला. ज्यास नेमका रंग हवा, त्याने नावाऐवजी लाल, हिरवा व निळा या घटकांचे अंकच लिहावेत.