क्रीक म्हणजे ओढा की खाडी?

अमेरिकेतली किंवा ऑस्ट्रेलियातली गोष्ट वाचताना 'क्रीक' भेटते ती गावामागून खळखळणारी, उडी मारून ओलांडता येईल अशी. मुंबईच्या नकाशावर माहीम क्रीक, ठाणे क्रीक दिसते, तिथे मात्र खारे पाणी, चिखल आणि तिवरांची दाटी असते. इंग्रजी शब्द एकच, पाणी मात्र अगदी वेगळे. हा फरक मुंबईकराने नीट समजून घ्यायला हवा, कारण दादर-परळमध्ये पाणी का तुंबते याचे उत्तर त्यात आहे.

ब्रिटनमध्ये क्रीक म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. तिथल्या गोड्या पाण्याच्या ओढ्याला ब्रुक किंवा स्ट्रीम म्हणतात. इंग्रज वसाहतकरी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा अशा फाट्यांना त्यांनी क्रीक म्हटले. ते आतल्या भागात सरकले, तरी त्याच प्रवाहांचे नाव बदलले नाही. पुढे छोट्या ओढ्यालाही तिथे क्रीक म्हणू लागले. मुंबईत शब्द आला तो ब्रिटिश अर्थाने.

मराठीत हा घोळ नाही. ओहोळ, ओढा वेगळा आणि खाडी वेगळी. लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्या कोकणी माणसाने तर पऱ्ह्या आणि व्हाळ हे शब्दही सोबत आणले. ओढ्याचे पाणी उतारावरून एकाच दिशेने जाते. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. सगळे मर्म इथे आहे.

जुनी मुंबई सात बेटांची. मधल्या सखल पट्ट्यांत भरतीचे पाणी शिरत असे. माझगाव आणि मुंबई बेटांमधल्या खाडीची आठवण उमरखाडीच्या नावात उरली. पाण्यातून पलीकडे आलेले लोक पाय धूत, ती पायधुणी. गिरगावच्या चौपाटीचे नावही चार प्रवाहांवरून पडले, असे 1909 च्या मुंबई गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात महालक्ष्मी आणि वरळीमधले खिंडार बांध घालून बुजवले, आणि आतली खाजणे हळूहळू कोरडी झाली. पुढे भराव पडले, चाळी आणि गिरण्या उभ्या राहिल्या.

जमीन कोरडी झाली, पण फारशी उंच झाली नाही. दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचे पावसाचे पाणी तिथे गोळा होते आणि भूमिगत वाहिन्यांतून समुद्राकडे जाते. शहरातल्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्याहून जास्त पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पातमुखातून, म्हणजे वाहिनी समुद्राला मिळते त्या तोंडातून, पाणी बाहेर पडू शकत नाही, उलट समुद्रच आत येऊ पाहतो. मग पातमुखाचे दरवाजे बंद करावे लागतात आणि हिंदमाताच्या कापडाच्या दुकानांचे मालक गठ्ठे वरच्या फळीवर चढवू लागतात. म्हणूनच पालिकेने पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभारली, आणि दादर-परळ भागात प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरतीत पाणी साठवायचे, ओहोटी लागली की सोडायचे.

गोडा प्रवाह आणि खाडी यांतला फरक माहीमला आणखी स्पष्ट दिसतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी वरच्या अंगाला खरोखरीची नदी आहे, खालच्या अंगाला ती खाडी होते. कित्येक वर्षे तिला लोक नाला म्हणत, आणि नाल्यासारखेच वागवत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि ती नदी असल्याचे सगळ्या शहराला कळले.

ओढा बुजवला तर पाणी दुसरा उतार शोधते. खाडी बुजवली, तरी चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारी भरती थांबत नाही. तेव्हा माहीम आणि शिवडीची उरलेली तिवरे आणि खाजणे आता तरी राखायला हवीत. आणि पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी किती पाऊस पडणार एवढेच पाहू नका, भरतीची वेळही पाहा.