सक्शन कमी का पडते?

जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंजीपासून जिनपर्यंत कापूस ओढून नेणाऱ्या हवेच्या यंत्रणेला सक्शन म्हणतात.  परभणी–गंगाखेड रस्त्यावरील पोखर्णी गावाच्या परिसरातील काळ्या रानात दसऱ्याच्या सुमारास पळाटी पांढरी होऊ लागते आणि वेचलेला कापूस टेम्पो-ट्रॅक्टरने जिनिंगच्या आवारात उतरतो. पुढचा प्रवास हवेच्या जोरावर होतो. भर हंगामात हा जोर कमी पडला की जिन रिकाम्या फिरतात, प्रेसला रुई मिळत नाही आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते.

यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. ब्लोअर पाइपातली हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि ती उणीव भरून काढायला बाहेरची हवा तोंडातून आत धावते. कापूस वाहून नेण्यासाठी तिचा वेग सेकंदाला साधारण 20 ते 30 मीटर लागतो. वाटेत जड दगड-खडे खाली पाडण्याची सोय असते. पुढे सेपरेटरमध्ये जाळीमुळे कापूस अडतो आणि हवा पलीकडे जाते. अडलेला कापूस रबरी पट्ट्यांच्या फिरत्या चक्रातून खाली पडतो. हे चक्र कापूस सोडते, पण खालची हवा आत येऊ देत नाही. जाळीपलीकडची हवा ब्लोअरमधून धूळ गोळा करणाऱ्या सायक्लोनकडे जाते.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये रॉबर्ट मंगर याने 1880च्या दशकात हवेने कापूस नेणारी जिनिंगची व्यवस्था उभी केली. हवेच्या ओढीने घर झाडण्याचे ह्यूबर्ट सेसिल बूथचे यंत्र लंडनमध्ये 1901 साली आले. ते घोडागाडीवर दारात उभे राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. आजच्या मोटारघरात भिंतीआड बसवलेला व्हॅक्यूम क्लीनरही याच तत्त्वावर चालतो. म्हणून या सर्वांचे बिघाडही एकाच जातीचे असतात: वाट तुंबणे, वाट फुटणे किंवा पंख्याचा जोर कमी होणे.

यातला कोणता बिघाड आहे, हे काहीही न उघडता बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी ब्लोअरच्या मोटारीचा अँपिअरमीटर पाहावा. जिनिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या सरळ पात्यांच्या ब्लोअरवर जितकी जास्त हवा जाते, तितका मोटारीवरचा भार वाढतो. वाट तुंबली की हवा कमी होते आणि अँपिअर उतरतात. तोंड बंद झाल्यावर मोटारीला जास्त कष्ट पडत असतील, हा समज इथे चुकीचा ठरतो.

दुसरे साधन स्वस्त आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचे. एक टोक सेपरेटर आणि ब्लोअर यांमधल्या पाइपाच्या छिद्राला जोडायचे, दुसरे उघडे ठेवायचे. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे ओढीचे माप. कापूस न सोडता यंत्रणा चालवून दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. ओढ नेहमीपेक्षा जास्त आणि अँपिअर कमी, तर तोंड ते सेपरेटर या टप्प्यात तुंबा आहे. ओढ कमी आणि अँपिअर जास्त, तर त्याच टप्प्यात बाहेरची हवा घुसते आहे. दोन्ही कमी असतील, तर पट्टा घसरतो आहे किंवा ब्लोअरपुढची वाट, बहुधा सायक्लोन, तुंबली आहे.

तुंबा शोधताना तोंडापासून सुरुवात करावी. पाइप वळतो तिथे आणि जाळीवर कापूस अडण्याचा संभव अधिक. ओला कापूस चिकटून गोळे धरतो. जिनिंगसाठी सुमारे 8 टक्के ओलावा योग्य मानला जातो. भारतीय कापूस महामंडळही हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांपुढे ओल असलेला कापूस घेत नाही. सुतळी आणि प्लास्टिकच्या पोत्याचे तुकडे जाळीत आणि चक्रात गुंततात.

गळतीची जागा शोधायला आगकाडी कधीही वापरू नये. रुईची लहान पुंजकी दोन बोटांत धरून सांध्यांवरून हळूहळू फिरवावी. जिथे तिचे तंतू पत्र्याकडे वळतात, तिथे फट आहे. वाळू घासून वळणाची बाहेरची बाजू आधी झिजते. चक्राच्या रबरी पट्ट्या झिजल्या की खालून हवा शिरते आणि कापूस खाली पडायला कुरकुरतो. भोक लहान दिसले तरी त्याचा हिशेब मोठा असतो. 25 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचे तोंड सुमारे 490 चौरस सेंटिमीटर भरते. 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे असते. ते ब्लोअरजवळ असेल तर तिथे ओढ तीव्र असल्याने त्याहून जास्त हवा चोरते.

वाट निर्दोष निघाली की ब्लोअरकडे वळावे. जळक्या रबराचा वास, किंचाळल्यासारखा आवाज आणि गार्डखाली साचलेली काळी भुकटी ही पट्टा घसरल्याची खूण. पंख्याचा वेग 10 टक्क्यांनी घटला तर हवाही तितकीच घटते, पण ओढ सुमारे 19 टक्क्यांनी उतरते. विजेचे काम झाल्यानंतर अचानक सक्शन कमी झाले असेल तर फिरण्याची दिशा तपासावी. थ्री-फेजच्या दोन तारा अदलाबदल झाल्या की ब्लोअर उलटा फिरतो. उलटा फिरतानाही तो त्याच बाजूने हवा ओढतो, फक्त कमी. त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही.

कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावणे आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणे अनिवार्य आहे. वीज बंद झाल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात. जळका वास कापसाचा असेल तर सक्शन तत्काळ थांबवावे. दगड किंवा लोखंड पत्र्यावर आपटून उडालेली ठिणगी हवेबरोबर पुढे जाते आणि वारा तिला फुलवतो.

हंगाम सुरू होताना, यंत्रणा नीट असतानाच, दोन्ही आकडे मीटरशेजारी रंगाने लिहून ठेवावेत. बिघडल्यावर तुलनेला तेच कामी येतात. शेतकऱ्यांनी कापूस वाळवून, सुतळी-प्लास्टिक वेचून आणला तर निम्मी दुरुस्ती शेतातच होते.