एब्लेचे दोन पूल

झाँ-बाप्तिस्त एब्लेचा जन्म २१ डिसेंबर १७५८चा, लोरेनमधल्या सेन-जाँ-रोरबाखचा. वडील तोफखान्यात, पोरगाही कोवळ्या वयातच तोफखान्यात. घराणं उमरावाचं नाही, म्हणून अधिकारी व्हायला १७८५ साल उजाडलं. क्रांतीने वाट मोकळी केली, आणि १७९३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, महिन्याभराच्या आत, तो आधी ब्रिगेडचा आणि मग डिव्हिजनचा जनरल झाला. पुढे जनरल मोरोच्या ऱ्हाइन सैन्याचा तोफखाना त्याने सांभाळला. नेपोलियनचा भाऊ जेरोम वेस्टफालियाचा राजा असताना तिथला युद्धमंत्रीही तो होता. ही पदं मोठी खरी, पण माझ्या मते एब्ले समजतो तो पोर्तुगालात.

१८१०च्या अखेरीस मार्शल मास्सेनाचं फ्रेंच सैन्य तेजो नदीकाठी अडकलं होतं. पूल बांधायला ना लाकूड, ना लोखंड, ना हत्यारं. एब्लेने आधी हत्यारंच घडवून घेतली, मग होड्या बांधायला घेतल्या. मार्च १८११मध्ये माघार ठरली आणि ते सगळं न वापरताच जाळावं लागलं.

पुढच्याच वर्षी रशियात हाच अनुभव कामी आला. फ्रेंच सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकड्या तोफखान्याच्याच असत, आणि त्या एब्लेकडे होत्या. माघारीत ओर्शाला नेपोलियनने पुलाच्या होड्या जाळायला लावल्या. निदान काही तरी ठेवू द्या, ही एब्लेची विनवणी व्यर्थ गेली. त्याने दोन फिरत्या लोहारभट्ट्या, कोळशाच्या दोन गाड्या आणि हत्यारं-खिळ्यांच्या सहा गाड्या मात्र राखल्या. आठवड्याच्या आत बेरेझिना आडवी आली. बोरिसोव्हचा पूल शत्रूने जाळलेला, आणि थंडी मध्येच ओसरल्याने नदी गोठलेलीही नाही.

२६ नोव्हेंबरला स्तुद्यांका गावातली घरं पाडून त्यांच्या वाशांच्या दोन पुलांसाठी घोड्या केल्या, प्रत्येक पुलाला तेवीस. सुमारे चारशे माणसं, त्यांत डच पुष्कळ, बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या छातीभर पाण्यात उतरली. चोपन्नाव्या वर्षात असलेला एब्लेही त्यांच्याबरोबर उतरला. दुपारी एकच्या सुमारास पायदळाचा पूल उभा राहिला, संध्याकाळी गाड्यांचा. तळ चिखलाचा, घोड्या रुतायच्या. गाड्यांचा पूल रात्री आठला मोडला, दोनला मोडला, पहाटे सहाला पुन्हा मोडला. दर वेळी शेकोटीपाशी नुकती पाठ टेकलेली माणसं उठवून एब्लेने त्यांना परत पाण्यात नेलं. हुकमाच्या जोरावर हे होत नाही. ती माणसं गेली, कारण तो पुढे होता.

२८च्या रात्री पुलाच्या तोंडाशी मोडक्या गाड्या आणि प्रेतांचा खच पडला होता. तो बाजूला सारून एब्लेच्या माणसांनी मार्शल व्हिक्टरच्या पिछाडीला वाट करून दिली. त्या रात्री पूल मोकळा असताना मागे रेंगाळलेले हजारो लोक शेकोट्या सोडायला तयार नव्हते. एब्ले त्यांना उठा, चला म्हणून विनवत राहिला. सकाळी सातला पूल जाळायचे, असा हुकूम होता. त्याने साडेआठपर्यंत थांबून मग आग लावली. पलीकडे राहिलेले रशियनांच्या हाती सापडले. या दीड तासावरून त्याला दोष द्यावासा मला कधीच वाटलं नाही, ना उशिराचा, ना घाईचा.

पाण्यात उतरलेल्यांपैकी फार थोडे घरी पोचले. तोफखान्याचा सरसेनापती लारिबोआसिएर २१ डिसेंबरला क्योनिग्सबर्गला वारला. त्याची जागा एब्लेकडे आली, पण ३१ डिसेंबर १८१२ला, त्याच गावात, थकून खंगलेला एब्लेही गेला.