घरातील चीजवस्तूंची मोजदाद

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठचे कितीतरी संसार पाण्याखाली गेले. अशा वेळी आपले काय काय गेले, हे आपल्याला धड सांगता येईल काय? मोठ्या वस्तू आठवतात. फडताळातली भांडी, ट्रंकेतले कपडे ध्यानी येत नाहीत. म्हणून आपण खोलीगणिक यादी करावी आणि प्रत्येक वस्तू आज नव्याने घेताना पडेल ती किंमत मांडावी. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ योजनेत इमारतीचा विमा उतरवला, म्हणजे त्या रकमेच्या २० टक्के, पण फार तर १० लाख रुपयांपर्यंत, सामानाचा विमा आपोआप होतो. अधिक हवा तर तपशील द्यावा लागतो. दागिन्यांची सोय निराळी करावी लागते. यादीची एक प्रत मात्र आप्तांकडे ठेवावी. घराबरोबर तीही बुडाली, तर सारा खटाटोप व्यर्थच!