विरजणाचा स्पंज

एंजल माशांच्या अंड्यांचा विषय या आठवड्यात घ्यायचा होता, पण तो थांबेल. गेल्या लेखावर सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही.

त्यांनी गप्पीची मादी वेगळी काढली, पिल्लं झाल्यावर तिला लगेच मोठ्या टाकीत परत नेलं. पिल्लांसाठी पंधरा लिटरची नवी टाकी आणली, नवा स्पंज फिल्टर आणला, सगळं गरम पाण्यानं धुऊन काढलं. पाणी बोअरचं, म्हणजे क्लोरिनचा प्रश्नच नाही. तीन दिवस पिल्लं टुणटुणीत. चौथ्या दिवशी वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागली आणि पाचव्या दिवशी सकाळी बहुतेक सगळी तळाला. ‘एवढी स्वच्छता ठेवूनही असं का व्हावं?’ असं ते विचारतात.

स्वच्छतेमुळेच झालं. त्या टाकीत पिल्लांखेरीज जिवंत असं काहीच नव्हतं, आणि नडलं ते तेच.

मासे अमोनिया टाकतात तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, दिवसरात्र. त्यात पिल्लांना दिवसातून चार वेळा भरवायचं आणि उरलेला भुगा तळाशी कुजायचा, त्यातूनही अमोनियाच. जुन्या टाकीत हा अमोनिया खाऊन जगणारे जिवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर बसलेले असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना सोसतं. नव्या टाकीत ही मंडळी आपोआप जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पिल्लांजवळ तेवढा वेळ नसतो.

बोअरच्या पाण्यानं यात आणखी भर घातली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. गप्पीला ते मानवतं, हा भाग खरा. पण अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं जहाल, आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर जहाल रूप अर्धा-पाऊण टक्का. पीएच 8 झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे टाकीतली घाण तेवढीच, पण विष जवळपास दसपट.

या जिवाणूंचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1890च्या सुमाराला सर्गेई विनोग्राडस्की यांनी झुरिकमध्ये नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे काढले. पुढे मत्स्यालयाच्या पुस्तकांनी नायट्राइट संपवण्याचं श्रेय डोळे मिटून नायट्रोबॅक्टरला देऊन टाकलं. 1998 साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे ते काम करणारा निघाला नायट्रोस्पायरा. त्यावरही कडी म्हणजे 2015 साली अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्या वर्षी जे दोन शोध प्रसिद्ध झाले त्यातला एक होता मासे वाढवण्याच्या यंत्रणेतल्या फिल्टरमधला! पुस्तकं चुकत होती तेव्हाही बिचारे स्पंज आपलं काम चोख करत होते.

तर उपाय एकच, विरजण. घट्ट दही लावायला आपण कालचं चमचाभर घेतो, तसा पिल्लांच्या टाकीला चालत्या टाकीतला स्पंज घ्यायचा. मोठ्या टाकीत तुमचा नेहमीचा कुठलाही फिल्टर असो, कोपऱ्यात एक जादा स्पंज फिल्टर कायमचा बुडबुडत ठेवा. महिना-दीड महिन्यात त्याचा पोत बदलतो. हाताला किंचित बुळबुळीत लागतो, रंग मातकट होतो, आणि बादलीत हलकेच दाबला तर चहासारखं पाणी निघतं. ती बादली टाकीतल्याच पाण्याची हवी. नळाखाली धुतलात तर नळातला क्लोरिन जमलेलं सगळं मारून टाकतो. मोठ्या टाकीत कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके असतील, तर मात्र तो स्पंज पिल्लांकडे नेऊ नका. रोगही विरजणासारखाच लागतो.

पिल्लांच्या टाकीत निम्मं पाणीसुद्धा मोठ्या टाकीतलंच घाला. हवा इतकीच सोडा की पिल्लं प्रवाहात फेकली जाणार नाहीत. नळीवर दहा-वीस रुपयांची गिरकी बसवली की हवेवर ताबा राहतो. मोटारीचा फिल्टर इथे अजिबात नको. सात-आठ मिलिमीटरचं पिल्लू त्याच्या तोंडातून आत गेलं की गेलं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह लावा. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं आणि सकाळी जमीन ओली, पंप बंद. दोन-दोन तास वीज जाणाऱ्या गावांत सेलवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवावाच, कारण त्या जिवाणूंनाही हवा लागते.

जुन्या स्पंजचा आणखी एक फायदा पुस्तकांत फारसा ठळक नसतो. भिंग घेऊन टाकीसमोर बसा. दोन डोळे आणि शेपूट एवढंच दिसणारं पिल्लू स्पंजपाशी थबकतं, अंग किंचित वाकवतं, टोचा मारतं, मागे सरतं, पुन्हा टोचा मारतं. स्पंजवरचे सूक्ष्म जीव आणि अडकलेला भुगा वेचणं चाललेलं असतं. तुमच्या दोन खाण्यांच्या मधल्या वेळात ही शिदोरी उपयोगी पडते, आणि म्हणूनच मी जाळीच्या पेटीत पिल्लं वाढवण्याच्या विरुद्ध आहे. तिथे आईपासून जीव वाचतो, पण चरायला काही नसतं आणि भुगा कोपऱ्यात साचतो.

दुकानातल्या जिवाणूंच्या बाटल्यांबद्दल विचारलंत तर काही चालतात, काही नुसतं गढूळ पाणी असतं; बाहेरून ओळखता येत नाही. त्यापेक्षा अमोनिया तपासण्याचा संच घ्या. नमुना पिवळाच राहिला की निश्चिंत, हिरवा दिसला की त्या दिवशी खाणं बंद आणि पाव पाणी बदला. उकडलेल्या अंड्याचा बलक तर घालूच नका. ज्यांनी सल्ला दिला असेल त्यांची पिल्लं त्यावर जगली असतीलही, पण तो पाणी नासवतो फार लवकर.

सांगलीकरांच्या मादीच्या पोटात पुढची वीण बहुधा तयार व्हायला लागली असेल. एकदा नराशी गाठ पडली की गप्पीची मादी त्याचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, आणि पुढची पिल्लं साधारण महिन्याभरात होतात. जादा स्पंज आजच मोठ्या टाकीत सोडला तर तेव्हापर्यंत जेमतेम कामाचा होईल.

एंजल पुढच्या आठवड्यात. तिथे अंड्यांनाच बुरशी लागते, हा वेगळाच ताप आहे.